पिवळं पाकीट

साळूबाई : खोटं बोलू नगंस, क्रांती सिस्टर. आत्ता खिडकीतनं बघितलं मी. ते पिवळं पाकीट तू पर्समधी टाकलंस.

क्रांती : आजी, बसा आधी. इंद्रजितला कसं हाय?

साळूबाई : माझा नातू तीन वाकळा पांघरून थडथडतोय, तसं हाय. ओडिशाला सोनं गाळायच्या दुकानात गेला आन मलेरिया घिऊन आला. रगत तूच तपासलंस. मग गोळ्या कुणासाठी लपवतीस? सरपंचाच्या घरात पडलंय का कोण?

क्रांती : मोठ्या माणसाच्या गोळ्या संपल्यात. रोज वर फोन लावते. आज येतील, उद्या येतील, एवढंच ऐकते.

साळूबाई : सून तालुक्याला जाऊन आली. तितं म्हणाले, तुमच्या केंद्रात बघा. विट्याचा मेडिकलवाला म्हणतो, सरकारी दवाखान्यात बघा. आन पाकीट हितं, पर्समधी! आमच्या येळंला मलेरियावाला सायकलवरनं दारात यायचा. भितीवर तारीख लिवायचा. गोळी कवा हातात दिली न्हाई त्यानं. तोंडात टाकायचा, वर जीभ उचलून दाखवाय लावायचा.

क्रांती : हे बघा. पिवळं म्हंजी बारक्या पोराचं. इंद्रजितला यानं काय व्हणार न्हाई.

साळूबाई : थोडा तरी ताप उतरंल की.

क्रांती : रोग मरत न्हाई आजी, पाकीट तेवढं वाया जातं. सांगलीला फोन केलाय. त्याला घेऊन या म्हणालेत. गाडी निघालीय.

साळूबाई : गोळ्या हायत म्हणाले, का नुसतं या म्हणाले?

क्रांती : ...या म्हणाले.

साळूबाई : बघ. आन हे कुणाचं मग?

क्रांती : ऊसतोड टोळीतल्या पोरीचं. तीन वर्सांची हाय. सकाळी खोपटात जाऊन रगत तपासलं, मलेरिया निघाला. आई पाकीट न्यायला येणार हुती, अजून आली न्हाई.

साळूबाई : कोयता टाकून कशी येईल? मुकादम सोडंल व्हय? कुणाच्या रानात हायत?

क्रांती : तुमच्याच की.

साळूबाई : ती बारकी पूजा? आगं, परवा माझा पदर धरून उसाचं कांडं मागत हुती ती... दे हिकडं. वाटंवरच हाय, देऊन जाते.

(क्रांती पाकीट मुठीत धरते.)

साळूबाई : काय झालं? दे की.

क्रांती : आजी, तुमचा तो मलेरियावाला गोळी हातात का देत न्हवता?

साळूबाई : तूच चल माझ्यासंगं. चपला काढून ये. पाटाचं पाणी सुटलंय, बांधावर लय चिखल हाय.