भिंतीवर न लागलेला आकडा

पोलीस ठाणे सावूसावू, दि. १६ सप्टेंबर २०२४, सकाळी १०.२० वाजता.

नाव : ताराइविनी नाबुली, वय ४३ वर्षे, धंदा : मासळी डबाबंद कारखान्यात टेबल क्र. ३ वर मासे साफ करणे, तसेच कामगार संघटनेची सुरक्षा प्रतिनिधी. राहणार नाकामा, सावूसावू.

मी स्वतः ठाण्यात हजर होऊन, विचारण्यात आले त्याप्रमाणे खरे सांगते की,

मी सदर कारखान्यात सोळा वर्षे कामाला आहे. आमच्या हॉलमध्ये एका पाळीत चौसष्ट बायका असतात. भिंतीपलीकडे गोठवणीची यंत्रे आहेत, त्या जागेला आम्ही पाइपखोली म्हणतो. तेथील पाइपांत अमोनिया वायू असतो. दर दोन तासांनी खोलीतल्या वायूचा आकडा रजिस्टरात लिहावा आणि तो पंचवीसच्या वर गेल्यास हॉल रिकामा करावा, असा नियम आहे. हे रजिस्टर एमोसी नाबुली, वय ४६, लिहितो. एमोसी माझ्या थोरल्या चुलत्यांचा मुलगा.

कारखान्याने तक्रार दिली आहे की दि. १२ रोजी काही झाले नसताना एमोसी यंत्र सोडून बाहेर आला व मी बायकांना भडकवून काम बंद पाडले. एमोसीला कामावरून काढल्याची नोटीस दवाखान्यात, त्याच्या उशाशी ठेवून गेले. त्याच्या डोळ्यांवर पट्टी आहे, नोटीस त्याला वाचतासुद्धा येत नाही. ती नोटीस खोटी ठरावी म्हणून मी हा जबाब देत आहे.

वायूचे आकडे प्रतिनिधीला दाखवणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. मी दि. ३ जुलै, २४ जुलै व १९ ऑगस्ट रोजी मॅनेजर व्हिटेकर यांना लेखी पत्रे दिली. रजिस्टरची प्रत द्या, नाहीतर रोजचा आकडा हॉलच्या भिंतीवर लावा, एवढेच मागितले. पहिल्या दोन पत्रांना उत्तर नाही. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "ताराइविनी, तुम्ही मासे कापा, आकडे आम्ही बघतो. प्रत मिळत नसते."

यावर जबाब लिहून घेणारे कॉर्पोरल मुदलियार यांनी विचारले, "अहो, भाऊच आत बसलाय ना? मग त्यालाच विचारायचं की सरळ."

त्यावर सांगते की आमच्या बेटावरच्या रीतीप्रमाणे मोठे झाल्यावर भाऊ-बहीण एकमेकांशी बोलत नाहीत. चुलत भाऊ सख्ख्यासारखाच. मी नऊ वर्षांची होईपर्यंत आम्ही दोघे खाजणात खेकडे पकडायचो. नंतर बंद. तो दिसला की मी नजर खाली घालते, वाट सोडते. यात भांडण नाही, हा मान आहे. चौतीस वर्षांत त्याने माझे नाव घेतलेले नाही.

निरोप द्यायचा असेल तर त्याची बायको केलेरा मध्ये असते. ती माझ्याच टेबलावर काम करते. एमोसीला बाहेर आकडा सांगायची बंदी होती, पण दि. ९ रोजी त्याने तिच्यामार्फत सांगितले की बहिणीने रजिस्टर मागणे सोडू नये. केलेरा वर म्हणाली, "वन्सं, तुम्ही भाऊ-बहीण आयुष्यभर मानानं गप्प बसा, आणि निरोप पोचवून पोचवून माझ्या तोंडाला फेस येऊ दे." मी म्हटले, "वहिनी, तुझं तोंड तसंही कधी रिकामं असतं का?" आम्ही हसलो. आकडा किती, हे तिने मला सांगितले नाही आणि मीही खोदून विचारले नाही.

दि. १२ रोजी गुरुवार होता. केलेराची दाढ सुजल्याने ती घरी होती. सकाळी ९.४० वाजता एमोसी हॉलच्या दारात येऊन उभा राहिला. मला त्याचे बूट दिसले. मी नजर खाली घातली आणि पाठ फिरवली. थोड्या वेळाने तो आत वजनकाट्यापर्यंत आला व खोकला. त्याला जायला वाट हवी असेल असे समजून मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेले. शेजारची आकानिसी म्हणाली, "बघ गं, बायको एक दिवस घरी राहिली तर तुझ्या भावाला करमेना." मीही हसले. ते हसणे मला आता आठवते आणि स्वतःची लाज वाटते.

घड्याळात ९.४७ झाले होते. एमोसीने पाठीमागून मला नावाने हाक मारली, "ताराइविनी! बायकांना बाहेर काढ. आत्ता."

माझ्या हातून सुरा पडला. काय झाले हे मी विचारले नाही. टेबलावर चढून सर्वांना बाहेर जायला सांगितले. काही जणी हात धुऊ लागल्या, त्यांना मी ढकलले. ९.५१ पर्यंत केलेरा सोडून त्रेसष्ट जणी जेटीवर होत्या, मी दोनदा मोजल्या. एमोसी आमच्याबरोबर आला नाही. तो झडप बंद करायला परत आत गेला. सुमारे दोन मिनिटांनी पाइपाचा सांधा फुटला आणि हॉल वायूने पांढरा झाला. भोंगा वाजला नाही. तो त्याच्या १९ दिवस आधीच दुरुस्तीला काढून नेला होता, हे मला नंतर इलेक्ट्रिशियनने सांगितले. तेही आम्हा कोणाला कळवलेले नव्हते.

विचारल्यावरून सांगते, मला आधी वास आला नव्हता. आकडा मी पाहिला नव्हता. त्या सकाळचे पान रजिस्टरात नाही असे कारखाना म्हणतो, त्याबद्दल मला माहिती नाही.

कॉर्पोरल साहेब म्हणाले, "मग काम कशावरून थांबवलंत? कारण काय लिहू?"

"त्याने माझं नाव घेतलं."

"बाई, हे काय कारण झालं?"

"साहेब, लिहा. माझा भाऊ उगाच माझं नाव घेणार नाही."

ती सात मिनिटे वाया गेली. मी पाठ फिरवली नसती तर त्याला आत जाऊन झडप बंद करायला वेळ मिळाला असता, हा दोष मी माझा समजते. पण आकडा भिंतीवर असता तर त्याला दारात उभे राहावे लागले नसते आणि मला पाठ फिरवावी लागली नसती, हा दोष व्हिटेकर साहेबांचा आहे. दोन्ही लिहून घ्यावे.

मी रोज दवाखान्यात जाते व वॉर्डच्या दाराबाहेर उभी राहते. डॉक्टर पट्टी शुक्रवारी काढणार आहेत. त्याला दिसेल की नाही हे तोवर कोणी सांगत नाही. मला फार भीती वाटते.

या जबाबाची प्रत मी मागितली. साहेब म्हणाले, प्रत मिळत नसते. मी म्हटले, हे वाक्य मी आधी ऐकले आहे, मी बाकावर बसते. ११.१५ ते १२.४० मी बाकावर बसले होते. प्रत मला माझ्यासाठी नको आहे. केलेरा ती एमोसीला वाचून दाखवील. इथे सांगितले ते मला त्याच्यासमोर बोलता येणार नाही.

जबाब कॉर्पोरल मुदलियार यांनी मोठ्याने वाचला व मी ऐकला. "ओरडून सांगितले" असे लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून "नावाने हाक मारली" असे केले. आता तो माझ्या बोलण्याबरहुकूम आहे.

सही : ताराइविनी नाबुली

प्रत एक, भावासाठी, मिळाली.