तिसऱ्या ओळीतला रिकामा कप्पा

सन्माननीय अध्यक्ष मुरलीधरराव, मुख्याध्यापिका प्रणोती मॅडम, पालक समितीचे अंबरीशजी, व्यासपीठावर अगदी कडेच्या खुर्चीत पदर मुठीत धरून बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती अनसूयाताई, आणि चेरीतालपासून बरगीपर्यंत कुठून कुठून वेळ काढून आलेले आजी-माजी विद्यार्थी, पालक आणि माझे सहकारी,

अनसूयाताई, जरा मागे टेकून बसा. आज तुम्हाला उठून काही वाढायचं नाहीये.

मला पाच मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे अनसूयाताईंच्या कार्याचा. त्यांना हा शब्द ऐकवला तर त्या हसतील. सत्तावीस वर्षं मधल्या सुट्टीत जिन्याखाली एक टेबल, टेबलावर तीन डबे. एकात भाजलेले चणे, एकात मुरमुऱ्याचा चिवडा आणि मोठ्या डब्यात दाण्याचे लाडू. दाणे आणि बेताचा गूळ, बस. याला कार्य म्हणायचं का? मी म्हणेन.

मी कॉन्व्हेंटात शिकले. मराठी आमच्या घरात, दाराच्या आत. पुढे या शाळेत विज्ञान शिकवायला आले, तर मराठी मंडळाची शाळा असूनही वर्गात इंग्रजी, मैदानावर हिंदी. मराठी फक्त जिन्याखाली. कारण अनसूयाताईंचा एक दंडक होता. “लाडू मिलेगा?” असं कोणी विचारलं की त्या चिवड्याचा डबा झटकत बसायच्या, जणू ऐकूच आलं नाही. “मावशी, लाडू द्या ना” म्हटलं की मिळायचा. इथे बसलेल्या कितीतरी मुलांना एवढं एकच मराठी वाक्य बिनचूक येतं. कादंबरी, मान खाली घालू नकोस, तू तर आता बँकेत अधिकारी आहेस.

तर गेल्या वर्षी सरकारी पत्र आलं. शाळेत जे विकलं जाईल त्यात साखर, मीठ आणि स्निग्धांश ठरल्या मर्यादेत हवा, आणि प्रत्येक पुडीवर तसं छापलेलं हवं. मंडळाने ठरवलं की एक मशीन आणायचं, नियमात बसणारा खाऊ त्यात ठेवायचा. आहार समितीची प्रमुख म्हणून माझं नाव आलं, कारण मी नियम शेवटपर्यंत वाचते. आमच्या सिस्टर व्हिक्टोरिन यांनी लावलेली सवय.

नियम वाईट नाहीत, हे मी आजही सांगते. सहावीतल्या दोन मुलांना डॉक्टरांनी गोड बंद केलंय. फाटकाबाहेर काय काय विकतात ते आपण पाहतोच. मला तर वाटलं, आपल्याकडे नियमात बसणारी वस्तू सत्तावीस वर्षांपासून आहेच, तिला फक्त पुडीत घालायची आहे. लाडू मशीनमध्ये ठेवू, अनसूयाताई घरून करून देतील, त्यांचं शाळेतलं स्थान राहील. प्रणोती मॅडम लगेच हो म्हणाल्या. अध्यक्षांनीही हरकत घेतली नाही. फक्त प्रयोगशाळेचा अहवाल हवा होता. एक नमुना, एक अहवाल, अर्जाची शेवटची तारीख तीस जून.

मी अनसूयाताईंना सांगितलं की सोमवारी आठ लाडू द्या, भोपाळला जायचे आहेत, मोठे लोक तपासणार आहेत. एवढंच सांगितलं. रोज करता तसेच करा, हे सांगायचं राहून गेलं. मी विज्ञानाची शिक्षिका. नमुना म्हणजे काय, हे मी पंचवीस वर्षं फळ्यावर लिहीत आले.

सोमवारी त्या स्टीलचा नवा डबा घेऊन आल्या. आत केळीचं पान घातलेलं. मला ते पान पाहूनसुद्धा कळलं नाही. मी लाडू पाकिटात भरले, वर सही केली.

अहवाल आला. स्निग्धांश जास्त, साखर जास्त. मी कागद घेऊन तशीच जिन्याखाली गेले.

“अनसूयाताई, यात तूप होतं?”

“होतं ना.”

“रोजच्यात कुठे असतं?”

“रोजची गोष्ट वेगळी, मॅडम. हे बाहेरगावी चालले होते, साहेब लोकांकडे. कोरडे लाडू कसे पाठवू? शाळेचं नाव जाते. गूळही हात सैल सोडून टाकला.” मग माझ्याकडे पाहून त्या हळूच म्हणाल्या, “काहून विचारून राहिल्या? आवडले नाही का त्यांना?”

मंडळी, मी काय सांगायला हवं होतं?

मी म्हणाले, “आवडले.”

त्यानंतर मी केलं नाही असं काही उरलं नाही. पुन्हा तपासा म्हणून दोन पत्रं लिहिली. फोन केला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मैम, सैंपल तो आपने ही भेजा था न?” खरंच होतं. नवा अर्ज पुढच्या वर्षी. अध्यक्षांनी मशीन दोन महिने थांबवलं, हे मी सगळ्यांसमोर सांगते, त्यांच्यावर राग धरू नका. पण मशीन येणारच होतं, आणि विजेची जोडणी फक्त जिन्याखाली होती.

आता तिथे ते उभं आहे. दिसायला छान आहे. नाचणीची बिस्किटं, भाजलेले मखाणे, बिनसाखरेचं दूध. मुलं बटण दाबतात. बोलावं लागत नाही, कोणत्याच भाषेत.

त्यात तीस कप्पे आहेत. तिसऱ्या ओळीतला एक मी रिकामा ठेवायला लावला. दर बुधवारी गणपत भैया माल भरायला येतात, आणि दर बुधवारी विचारतात, “दीदी, इसमें का डालें?” मी म्हणते, अभी रहने दो. त्यांनाही सवय झाली होती. मागच्या बुधवारी तर त्यांनी न विचारता तो कप्पा नुसता पुसला. पण परवा कंपनीचं पत्र आलं की रिकामा कप्पा चालणार नाही. सोमवारपासून तिथेही मखाणे येतील. त्या पत्रावर मंजुरीची सही माझीच आहे. सह्या करण्यापलीकडे या वर्षभरात माझ्या हाताने काही झालेलं नाही.

अनसूयाताई परवा सिहोऱ्याला लेकीकडे, मैथिलीकडे, राहायला चालल्या आहेत. तिथे नातवंडं आहेत, अंगण आहे. त्या आनंदात राहतील असं मी म्हणते आणि मलाच पटवून देते.

आजच्या कार्यक्रमाचा खाऊ बाहेरून मागवला होता. अनसूयाताईंना बजावलं होतं की तुम्ही काही करायचं नाही. सकाळी मी बश्या मांडायला मागच्या खोलीत गेले, तर ओट्यावर दोन डबे. त्या शेजारी उभ्या. मी रागवायच्या आत त्याच म्हणाल्या, “मॅडम, रोजचेच केले. तूप नाही टाकलं. एक थेंब नाही, तुम्ही पाहा.” त्यांनी एक लाडू फोडून माझ्यापुढे धरला. “तपासले तर आता पास होतील ना?”

त्यांना कोणी सांगितलं, केव्हापासून ठाऊक होतं, मी विचारलं नाही. मी मान हलवली. लाडू अगदी रोजचा होता.

मला आता थांबायला हवं. हा समारंभ घडवून आणल्याबद्दल मंडळाचे, आणि आपण सर्व आलात त्याबद्दल आपले मी मनापासून आभार मानते. बोलताना कोणाचं नाव सुटलं असेल, शब्द कमीजास्त झाला असेल, तर पोटात घाला. मोठी चूक या भाषणातली नाही, आणि तिची क्षमा ज्यांच्याकडे मागायची त्यांनी मला अजून मागूच दिलेली नाही. उलट सकाळी त्यांनीच मला एक निरोप दिला आणि माइकवरून सांगा म्हणाल्या. तो पोचवते आणि बसते.

बशीतल्या लाडवांत तूप नाही. पाहुण्यांनी राग मानू नये.