कडू नावाची हाक

(वरवटच्या चावडीत दुपार कलली आहे. वामनराव पाटील गादीवर, निवृत्ती कोतवाल दाराशी. बाजारात भाजीपाला विकणारी झुंबरबाई डोईवर पदर ओढून उभी. निवृत्तीकडे बघायचं नाही असं तिनं ठरवूनच टाकलं आहे.)

वामनराव : पुन्हा विचारतो. मंगळवारी विहिरीवर तू तो शब्द बोलली का नाही?

झुंबरबाई : कोन्ता शब्द, पाटील?

वामनराव : माझ्या तोंडून वदवू नको. पोळ्याले ज्या शब्दावरून काठ्या चालल्या, पंजाबरावचा हात मोडला, तो. गावानं बंदी घातली. बोलेल त्याले महिनाभर बाजारात बसता येणार नाही.

निवृत्ती : दवंडी मीच देल्ली, बाई. तुह्या दारापुढं दोन डाव.

झुंबरबाई : दवंडीत तरी तो शब्द कुठं होता? ‘तो शब्द, तो शब्द’ करत गेला तू.

निवृत्ती : मंग? बोललो असतो तं पयला गुन्हा माहाच.

झुंबरबाई : कडू, हेच ना? बोलली मी. पोराचं नावच हाय. पोराले हाक मारली.

वामनराव : फिर्याद देणारे भगवानराव सांगतात, तू त्यांच्याकडं तोंड करून ओरडली. ज्याच्या बापाचा पत्ता नाही, या अर्थानं तो शब्द चारचौघांत म्हटला त्यांना.

झुंबरबाई : पोराले हाक मारली.

वामनराव : निवृत्ती, हिचा पोरगा कुठं आहे?

निवृत्ती : खामगावले, पाटील. कापसाच्या जिनिंगमंदी. आठ रोज झाले. जातानी मीच पाह्यला, वळकटी घेऊन.

वामनराव : आठ दिवस खामगावात. अन् तू त्याले इथल्या विहिरीवरून हाक मारली! चांगली लांब गेली हाक.

झुंबरबाई : याच्यापुढं नाई बोलत मी. समदं भगवानरावच्या घरी जाऊन पोचते.

निवृत्ती : माह्यावर काऊन घसरून राह्यली?

झुंबरबाई : फिर्याद कोनं आनली इथं? विहिरीवर तूच तं होता.

वामनराव : निवृत्ती, इथलं बाहेर गेलं तर कोतवालकी गेली समज. बोल, झुंबरबाई.

झुंबरबाई : चार लेकरं गेली माही. नावं चांगली ठेवली होती, पाटील. एकबी चालाले लागलं नाई. पाचव्याले सासूनं कडू म्हनलं, का कोनाले गोड लागू नये. तो जगला.

वामनराव : हे गावाले माहीत आहे.

झुंबरबाई : म्हनूनच तं! भगवानराव रोज बांधावरून, ‘अबे कडूऽ’, अन् हसते. गडी हसतात. वर म्हनते, नावच तं घेतलं, गुन्हा कशाचा? पोट्टं वैतागलं. म्हने, मा, खामगावात मी नारायन सांगतो. अन् सोमवारी निरोप आला, त्याले ताप भरला.

वामनराव : मग?

झुंबरबाई : माहा जीव उडाला. विहिरीवर गेली, खामगावच्या वाटेकडं तोंड केलं, होता तेवढा आवाज लावला. ज्यानं चार नेले त्यानं ऐकावं, का हा कडूच हाय.

वामनराव : अन् त्याच वाटेवर भगवानराव उभे होते.

झुंबरबाई : होते.

वामनराव : तुले दिसले?

झुंबरबाई : डोये हायत मले.

वामनराव : किती हाका मारल्या?

झुंबरबाई : दोन.

वामनराव : दोन्ही पोराले?

झुंबरबाई : पयली पोराची. दुसरी… दुसरी कोनाची होती, मलेच सांगता येत नाई, पाटील.

वामनराव : निवृत्ती, भगवानराव बांधावरून कसे हाक मारतात, ऐकलं तू?

निवृत्ती : मी गरीब मानूस.

वामनराव : ऐकलं का?

निवृत्ती : ऐकलं. समदे हसले, मी बी हसलो.

वामनराव : फिर्याद राहू दे तशीच. भगवानरावले मी स्वतः विचारतो. तू आधी खामगावले जा, पोराची खबर आण.

निवृत्ती : जिनिंगच्या फाटकावर काय नाव सांगू?

वामनराव : नारायण म्हणून सापडेल. सापडला की त्याच्या नावानं हाक मार.

निवृत्ती : बंदी हाय, पाटील.

वामनराव : गावाच्या वतीनं बंदी मीच घातली. मीच सांगतो आहे. खणखणीत मार.

झुंबरबाई : हळूच मार, निवृत्ती. तापातलं पोट्टं हाय.