राखाडी शर्टांची पिशवी

—नाय नाय, वर जायचं नाय. बस इथं बाकावर. केदार ना तू? देवदत्तच्या तोयोसूतल्या ऑफिसातला, शर्टासाठी आलायस— माहितीय रे, मी त्याचा बाप, जयप्रकाश. शर्ट वर नायतच. मी ज्या पिशवीवर बसलोय ना, तिच्यातच आहेत. मऊ आहेत, बकल तेवढं टोचतंय.

फेकलेच होते मी. पण ह्या जपानात कचरापण शिकून टाकावा लागतो— जळणाऱ्याचा वार वेगळा, पितळी बकलांचा वेगळा. मला कुठं वाचता येतंय? दिली पिशवी ठेवून. गाडीवाल्यानं लाल चिठ्ठी डकवली नि तिथंच सोडली. शेजारच्या आजींनी दारात आणून दिली वर, कमरेत वाकून! म्हणजे बघ, ज्या पार्टीचे हे शर्ट, ती तिकडं युरोपात कोणी घेतली नाय, नि इथला कचरेवालापण घेईना.

हिस्ट्री सांगितली का त्यानं? मला रोज जेवताना ऐकवतो. दोन महायुद्धांच्या मधला काळ, टीचभर देश. तिथं एक दातांचा डॉक्टर— दवाखाना चालेना, म्हणून देश चालवायला निघाला. राखाडी शर्ट शिवून घेतले, हात वर करून सलाम, परक्यांना हाकला, झालं! मतं किती पडली? आमच्या गल्लीच्या गणपतीत आरतीला जास्त माणसं असायची. मग भांडले. कशावरून? पट्टा काळा का तपकिरी! ह्यानं त्याला काढलं, त्यानं ह्याला. मग शेजारचा खरा गुंड फौज घेऊन घुसला, तर हे नटूनथटून सलाम ठोकायला रस्त्यावर. तो म्हणाला, ही बँडपार्टी कोणाच्या लग्नातली? शर्ट उतरवायला लावले. संपली पार्टी. हसू नको— तेवढ्या काळात एका शिंप्याचं दुकान पेटवलं होतं त्यांनी, शिंपी आत होता. परका म्हणून. शर्ट त्यानंच शिवलेले. तेवढं देवदत्त घाईघाईत सांगतो.

आणि ह्याला टोकियोत तसलं मंडळ काढायचंय! अरे, परका कोण? त्याच्याच खिशात परदेशी म्हणून कार्ड, मुदत संपली की रांगेत उभा राहतो वाढवायला. नातीला सांगतो, खालच्या चिनी पोरीशी खेळायचं नाय. ईश्वरी जपानीत काहीतरी बोलली नि आत गेली. मी सुनेला विचारलं, काय म्हणाली गं? अक्षया म्हणाली, "बाबा, ती विचारतेय, मग मी कुठली?"

म्हणून बसलोय इथं. अक्षयानं सांगून टाकलंय— घरात एकाच्याजरी अंगात हा शर्ट दिसला, तर ईश्वरीला घेऊन पुण्याला जाते. तिकिटं काढलीत तिनं. तुझ्याआधी दोघं आले. एकाला म्हटलं घरात कांजिण्या, दुसऱ्याला म्हटलं पोलीस आलेत— पळाले शूरवीर! तुझ्यापुढं मात्र सगळं ओकून बसलो. असो. शर्ट नाय, माणसं नाय, तर करणार काय तो? बसलाय वर एकटाच, बैठकीच्या खुर्च्या मांडून. एक कमी आहे म्हणा ह्यात. त्याचाच. सापडला नाय मला, असेल धुण्यात कुठं—

थांब, लिफ्ट आली. अक्षया? अगं, बॅग कशाला घेतलीस? कोणी नाय आलं वर, मी बसलोय ना इथं— काय? त्यानं एकट्यानंच शर्ट घातला? आरशासमोर? अगं, पोरीचे बूट बघ, उलटे घातलेत, थांब जरा—

तू जा रे. बघतोस काय? जा म्हटलं ना.