इझाबेलचा टायफॉईड

"सूनबाईलाच पाठवा शाळेत. ती तोंडच उघडत नाही, मग खोटं उघडं पडेल कसं?"

तुम्हाला सांगते, सासूबाई हे सासऱ्यांना सांगत होत्या न्हाणीच्या भिंतीपलीकडे, आणि अलीकडे मी धुणं पिळत होते... आता याला कौतुक म्हणायचं की काय? पण नवी सून. मी गप्प.

झालं असं, सत्त्याहत्तर साली मी लग्न होऊन होळी गावात आले, आणि त्याच महिन्यात मोठी नणंद क्लेमेंटीन लग्न करून आगाशीला गेली, आणि धाकटी इझाबेल, सातवीतली, शाळेत जाईना. ताप नाही, खोकला नाही, नुसती विहिरीच्या काठावर बसायची. मला म्हणाली, "वहिनी, दुखत काहीच नाही गं, नुसतं रडू येतं." आता रडू येतं म्हणून कधी कुणाला रजा मिळालीय? सासूबाई म्हणाल्या, "लोक म्हणतील पोर वेडी झाली. टायफॉईड सांग." टायफॉईड कसा, भारदस्त.

गेले शाळेत. तिच्या वर्गाच्या सालोमीबाईच विचारत सुटल्या, "ताप का? उतरत नाही? अगंबाई, टायफॉईड?" मी आपली प्रत्येक प्रश्नाला मान हलवली आणि गप्प परत आले.

पण सालोमीबाई आमच्याच चर्चच्या. रविवारी फादर म्हणतात, "टायफॉईडने अंथरुणाला खिळलेल्या इझाबेलसाठी प्रार्थना करू या..." आणि इझाबेल कुठे? दुसऱ्या बाकावर, नव्या फ्रॉकमध्ये. कारण आमच्या घरी खोटं एक वेळ चालेल, पण रविवारी मिस्साला न जाणं म्हणजे पाप. बरं, पोरीनं गप्प बसावं? सगळ्यांत मोठ्यानं तीच म्हणाली, "प्रभो, आमची प्रार्थना ऐक." मी गप्प. अख्खं चर्च वळून तिच्याकडे बघतंय.

बाहेर सालोमीबाईंनी गाठलंच. "टायफॉईड चालत आला वाटतं?"

सासूबाई म्हणाल्या, "देवाची करणी, बाई. प्रार्थना लगेच फळली."

"मग उद्यापासून शाळेत पाठवा."

सासरे चपला न्याहाळत होते. इझाबेलनं माझा पदर मुठीत धरला, आणि काय सांगू, माझं तोंड आपोआप उघडलं... टायफॉईड नव्हता, बहीण गेल्यापासून तिचं मन आजारी आहे, परक्या घरात मलाही रोज रडू येतं, पण मला कुठली शाळा, मी कुणाकडे रजा मागू, असं सगळं एका दमात.

सालोमीबाईंनी चष्मा पुसला. "आठवडाभर आगाशीला राहू दे बहिणीकडे. अभ्यासाचं मी बघते."

वाटेत सासूबाई म्हणाल्या, "बोलतेस की गं. मग शाळेत का नाही बोललीस?"

"न्हाणीत सगळं ऐकू येतं, आई. शाळेत मला न बोलायलाच पाठवलं होतं."