घट्ट तेल

स्पेअर पार्टच्या दुकानात हेडलाइटचा बल्ब घ्यायला आलेली ती एका बापलेकीच्या मागे उभी होती.

“पिकअपच्या ट्रान्स्फर केसला तेल द्या. चारही चाकांना ओढ देते ना, ती पेटी. चांगलं घट्ट द्या.”

“काका, या मॉडेलला घट्ट चालत नाही. लाल, पातळ लागतं. आधी कुठलं घातलंत?”

“गिअरचं. तेल घट्ट तर गाडी धट्टीकट्टी! उभा जन्म गाड्यांत गेलाय माझा.”

“म्हणूनच घरघरत असेल. आतली साखळी घासली असणार.”

“छे! आवाज जावईबापूंनी गाडी हातात घेतल्यावर सुरू झाला.”

“बाबा, परवा पाहुण्यांसमोरही हेच म्हणालात. ‘बैलगाडी चालवायची लायकी नाही, माझ्या गाडीची वाट लावली.’”

“मला काय ठाऊक, तेलामुळे...”

“त्यांना ठाऊक होतं. आदल्याच दिवशी त्यांनी पेटीचा बोल्ट सैल करून तेल बघितलं होतं.”

“मग तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती?”

“मलाही बोलू दिलं नाही. म्हणाले, चारचौघांत बाबांची मान खाली जायला नको.”

दुकानदाराने लाल तेलाचे डबे पुढे सरकवले. लेकीने ते उचलले.

“चला. ते गाडीत वाट बघतायत.”

“तू हो पुढे. मी जरा वायपर बघतो.”

“वायपर मागच्याच महिन्यात बदललेत, बाबा.”

बाप मागे वळला.

“तुम्ही घ्या ना आधी, ताई. मला काही घाई नाही.”