नवी कारागीर

न्हावी : दाबू नका, वहिनी.

बायको : दाबत नाहीये.

न्हावी : दाबताय. गाल माझा आहे, मला कळतंय. रेझरला स्वतःचं वजन असतं, तेवढं पुरतं. आपण नुसतं त्याच्यासोबत जायचं.

बायको : असं?

न्हावी : आधी रेझरचं डोकं गालावर सपाट टेकवा. हं. आता दांडा हळूहळू खाली आणा. पातं केसाला लागलं की बारीक कुरकुर ऐकू येते. आली?

बायको : आली, आली!

न्हावी : तिथंच थांबायचं. आता बोटभर खाली या आणि उचला. कानापासून हनुवटीपर्यंत एका दमात जाऊ नका, अंगण झाडायचं नाहीये.

बायको : अगं बाई! रक्त!

न्हावी : थेंबभर तर आलंय. तुरटी लावा आणि पुढं चला. हात थरथरायला लागला की रेझर सरळ उचलायचा. तिथं शूरपणा नको.

बायको : भावजी, मला नाही जमायचं हे. तो प्लॅस्टिकचा साधा रेझर बरा. पातं बसवायला नको, काही नको.

न्हावी : तो झाला की वापरून.

बायको : झाला. आठवड्याच्या खुंटात अडकला, केस ओढले गेले. ह्यांनी माझं मनगट असं पिरगाळलं, की दोन दिवस मला पोळी लाटता येईना. आणि मशीनचं तर नावच नको. आवाज ऐकला की कान झाकून ओरडतात.

न्हावी : म्हणून हा जुन्या पद्धतीचा आणायला लावला. आयुष्यभर त्यांनी असाच वापरलाय. साबण, ब्रश, कोमट पाणी, एवढं अजून ओळखीचं आहे त्यांच्या.

बायको : बघा, म्हणजे ब्रशची ओळख आहे. माझी नाही.

न्हावी : वहिनी...

बायको : नाही, आज बोलू द्या. तुम्ही उद्या लेकीकडे जाणार, दुकानाला कुलूप. दुसऱ्या न्हाव्याला बोलावलं, तर त्याला ह्यांनी मशीनसकट जिन्यावरून खाली घालवला. राहिले मी. आणि मी म्हणजे कोण? 'ती बाई'. कुठून तरी घरात शिरलेली. रात्री पांघरूण सारखं करायला गेले तर भिंतीकडे सरकतात. वर्ष होत आलं, ह्यांच्या कपाळावर साधा हात ठेवला नाही मी. घरात दोन माणसं आहोत, भावजी, आणि दिवसभर मला एकटं वाटतं. फार एकटं वाटतं.

न्हावी : माझ्यापुढं तर गुपचूप बसतात.

बायको : तेच ना! दाराआडून बघत असते मी. तुम्ही हनुवटी धरता आणि ते मान टाकतात. हसू नका, हेवा वाटतो तुमचा.

न्हावी : हसत नाही. पण माझी कुठं ओळख आहे त्यांना? दर खेपेला विचारतात, दुकान नवीन का. ही सगळी ह्या एप्रनची करामत. एप्रन घातलेल्याला माणूस गळा देतो आणि नाव विचारत नाही. हा घ्या, घाला.

बायको : मी?

न्हावी : मग कोण? केस घट्ट बांधा. कंगवा खिशात राहू द्या, दिसला पाहिजे. रेझरचं नवं पातं कडेनं धरा, धारेनं नाही... हं, आता त्यावर रेझरची टोपी बसवा, दांडा पिळा. झालं. आणि एक. 'अहो' म्हणायचं नाही. 'साहेब' म्हणायचं.

बायको : लग्न झाल्यापासून अहोच म्हणतेय.

न्हावी : म्हणूनच बजावतोय. एकदा अहो म्हणालात की झालात तुम्ही 'ती बाई'. ताकास तूर लागू द्यायची नाही. चला, मी आहे शेजारी.

(आतली खोली. खिडकीशी खुर्ची, खुर्चीत नवरा, गळ्याभोवती टॉवेल.)

नवरा : किती वेळ? डेपोत माझ्या सहीशिवाय पहिली गाडी सुटत नाही.

न्हावी : झालंच, साहेब. आज आमच्या दुकानातली नवी कारागीर दाढी करेल तुमची.

नवरा : बाई आहे ही.

न्हावी : हल्ली बायका गाड्यासुद्धा चालवतात. तुमच्या डेपोत नाहीत?

नवरा : आहे एक. तिची कधी तक्रार नाही... हिचा हात बसलाय का पण?

न्हावी : आत्ताच माझी केली. हा गाल बघा.

नवरा : इथं कापलंय.

न्हावी : मी मध्येच बोललो, म्हणून.

नवरा : मग मी बोलत नाही. करा सुरू.

बायको : अ... साहेब, पाणी फार गरम नाही ना?

नवरा : ठीक आहे.

बायको : फेस लावते.

नवरा : हं... असाच, गोल गोल. डोळे मिटले तर चालेल?

बायको : मिटा ना.

न्हावी : कानाजवळून सुरुवात. दुसऱ्या हातानं कातडी ताणून धरा. अख्खा पंजा टेकवा गालावर.

बायको : टेकवू?

न्हावी : टेकवल्याशिवाय ताणणार कशी?

बायको : टेकवला.

नवरा : हात गार आहे तुमचा.

बायको : चुकलं, साहेब. काढू?

नवरा : राहू द्या. बरं वाटतंय.

न्हावी : अहो, रेझर चालवा की. नुसता गाल धरून उभ्या आहात.

बायको : हो, हो. चालवते.

न्हावी : शाब्बास. धुवा. पुन्हा. गळ्यावर केस उलटे वळलेत, आधी बोटानं चाचपून बघा.

नवरा : माझी दाढी चाललीय की हिची शाळा?

न्हावी : दोन्ही, साहेब.

नवरा : शिकू द्या. हात हलका आहे. ओढत नाही.

न्हावी : झालं. आता पुसा, वरून तुरटी फिरवा.

बायको : थांबा हो. साहेब, अजून एकदा फेस लावू? जास्त गुळगुळीत होईल.

न्हावी : पण आता राहिलंय काय?

बायको : लावू ना, साहेब?

नवरा : लावा. पाच मिनिटं गाडी थांबली तर काय बिघडतंय.

न्हावी : बरं. मी... पाणी बदलून आणतो तोवर.

नवरा : ते बोलतात फार.

बायको : हो ना.

नवरा : तुमच्या घरी कोण असतं?

बायको : आम्ही दोघंच. मी आणि मिस्टर.

नवरा : आत्ता घरी आहेत?

बायको : नाही. कामावर गेलेत. हल्ली यायला फार उशीर होतो त्यांना.

नवरा : मग तुम्ही काय करता?

बायको : वाट बघते.

नवरा : उपाशी?

बायको : एकटीला घास उतरत नाही, साहेब.

नवरा : आमची तशीच. शंभरदा सांगितलं, शेवटची गाडी आल्याशिवाय मला निघता येत नाही, तू जेवून घे. ऐकेल तर शपथ! ताट झाकून बसलेली असते.

बायको : रागावता?

नवरा : रागावतो तर. पण जिन्यातच तिचा भांडी मांडल्याचा आवाज येतो ना, तेव्हा बरं वाटतं. दिवसभराचा शीण जातो.

बायको : तिला सांगितलंत कधी हे?

नवरा : हे काय सांगायचं असतं? तिला कळतं... कळत असेल. तुम्ही मात्र जेवून घेत जा. येतील तुमचे. उशिरा येतील, पण येतील.

बायको : बरं, साहेब. मान जरा माझ्याकडे वळवा.